मुदत पडली

कोर्टात एकट्यानं जायची पाळी हिलालवर आठ वर्षांत एकदाच आली, आणि त्या एका खेपेपायी त्यानं स्वतःचं घर स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलं. एकवीरा सोसायटीत ही गोष्ट अजून सांगतात. सांगणारे हसत सुरुवात करतात, आणि शेवटाकडे आले की इकडेतिकडे बघायला लागतात.

सोसायटी हे नावच तेवढं मोठं. सुरतेत नवागामच्या वाटेवर, लूमच्या कारखान्यांच्या पाठीमागे, धुळे-अमळनेर-पारोळ्याकडून आलेल्या लोकांनी स्टॅम्पपेपरवर प्लॉट घेऊन बांधलेल्या घरांच्या त्या रांगा. तोंडावर नऊ घरं, मागे तीनशे. नऊ घरांच्या पुढून पालिकेच्या नकाशातला रस्ता जाणार होता, आणि त्या रस्त्याच्या पोटातून मागच्या तीनशे घरांची गटारलाइन. अठ्ठ्याऐंशी साली पालिकेचा एक माणूस आला आणि नऊ घरांच्या भिंतींवर लाल रंगाचे फराटे मारून गेला. किती जागा जाणार हे त्यानं सांगितलं नाही, आणि नऊ घरांनी विचारलं नाही. लाल रंग भिंतीवर आहे म्हणजे भिंत जाणार, आणि भिंत गेली की घर गेलं, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. नऊ जणांनी मिळून चेवली वकिलांना गाठलं आणि स्टे आणला. कोर्टाचा हुकूम झाला, 'जैसे थे'.

तेव्हापासून सगळं खरोखरच जैसे थे राहिलं. रस्ता कागदावर, गटार नकाशात, आणि मागच्या तीनशे घरांचं सांडपाणी त्यांच्याच दारापुढच्या उघड्या चरात. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सगळी सुरत झाडून-पुसून निघाली. रस्ते रुंद झाले, गटारं झाकली गेली, जिथे कधी झाडू दिसला नव्हता तिथे दिवसातून दोनदा दिसू लागला. पालिकेची माणसं एकवीरा सोसायटीच्या तोंडापर्यंत यायची, 'स्टे छे' म्हणायची आणि मागे वळायची.

नऊ घरांना याचं दुःख होतं असं म्हणावं तर ते खोटं ठरेल. अर्जदार नंबर दोन शालिग्राम दर तारखेला कोर्टात जायचा. तो बोलण्यात पटाईत, गुजराती फाडफाड. परत आला की गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, "तारीख पडनी रे!" की मग नऊ घरांत गूळखोबरं वाटलं जायचं. तारीख पडली म्हणजे तेवढे महिने घर उभं. कोर्टात जिंकायचं कशाला, जोवर हरायला उशीर होतोय? हा शालिग्रामचा सिद्धांत होता, आणि आठ वर्षं तो खरा ठरला होता. हातावर गुळाचा खडा घेऊन पोरं मागच्या गल्लीत पळत जायची, पण मागच्या गल्लीत ते गूळखोबरं कोणी खात नसे.

अर्जदार नंबर एक हिलाल. तो नंबर एक झाला तो त्याचं घर पहिलं म्हणून, पुढारीपणाची हौस म्हणून नव्हे. पन्नाशीचा, लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यानं कानानं जरा जड, आणि गुजरातीच्या बाबतीत त्याहून जड. कारखान्यात सोबतीला खान्देशी आणि उडिया माणसं, शेठ हिंदीत बोलायचा. त्यामुळे 'केम छो'च्या पुढे त्याची गाडी फारशी गेली नव्हती.

शहाण्णवच्या एप्रिलात शालिग्रामच्या पुतण्याचं लग्न निघालं अमळनेरला. जाताना त्यानं हिलालला पढवलं, "काहीच करानं नही. जावानं, हात जोडाना, तारीख ऐकानी, घर येवानं."

हिलाल धुतलेला सदरा घालून गेला. दुपारपर्यंत बाकावर बसला. पुकारा झाला, वकील आत गेले, हिलाल दाराशी हात जोडून उभा राहिला. आत दोन मिनिटं गुजरातीत काही बोलणं झालं. बाहेर आलेले चेवली वकील दुसऱ्या कोर्टाकडे पळता पळता म्हणाले, "काका, मुदत पडी गई. त्रीसमी एप्रिल. जाओ घरे."

शालिग्रामनं तारीख ऐकायला सांगितली होती. आज तारीख पडली नव्हती, मुदत पडली होती. आणि मुदत म्हणजे काय, हे हिलालला कोणी शिकवायला नको होतं.

तो बारा वर्षांचा असताना त्याचं गाव एका धरणात गेलं. तलाठ्यानं दवंडी पिटून मुदत दिली होती. निम्म्या गावानं ती थट्टेवारी नेली. सरकारचं काम, कुठे वेळेवर होतं, म्हणाले. हिलालच्या बापानं मात्र दुसऱ्या दिवशी कौलं उतरवायला घेतली. तुळया, दारं, खुंट्यासुद्धा उपटून बैलगाडीत घातल्या. पाणी मुदतीच्या दिवशीच आलं. ज्यांनी थट्टा केली होती त्यांच्या तुळया पाण्यावर तरंगत गेल्या, आणि लोक काठावर उभे राहून आपापली तुळई ओळखत होते. तेव्हा बाप म्हणाला होता, "मुदतना मझार उतारं ते आपलं. मुदतना बाद सरकारनं." मुदतीच्या आत उतरवलं तेवढंच आपलं, नंतरचं सरकारचं. त्या घराची सागवानी चौकट हिलालनं गावाहून ट्रकवर घालून सुरतेला आणली होती. ती त्याच्या पुढच्या दाराला होती. बापाची म्हणून त्याच्याजवळ तेवढी एकच वस्तू उरली होती.

तरी त्यानं खात्री करून घेतली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दारावरच्या शिपायाला विचारलं, "मुदत पडी?"

"हा हा, पडी गई," शिपाई म्हणाला. त्याला काय, रोज शंभर जणांना तो हेच सांगत होता.

संध्याकाळी हिलालनं नऊ घरांना बोलावून सांगितलं, मुदत पडली, तीस तारखेपर्यंत. बायका रडायला लागल्या. बाप्ये म्हणाले, शालिग्राम येऊ दे, मग बघू. गावाकडे निरोप धाडला, पण लग्नघरात निरोपाला कोण विचारतो. हिलालनं कोणाची वाट पाहिली नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तरंगत जाणाऱ्या तुळया होत्या.

"योगितानी माय," तो बायकोला म्हणाला, "आपलं आपन उतारी लेऊत. त्यास्ना हातनं नको."

उषाबाई नवऱ्याला उलट बोलणारी बाई होती, पण त्या दिवशी बोलली नाही. पालिकेचा बुलडोझर आपल्या फळ्यांवरचे डबे चिरडतोय, असं तिला रात्री स्वप्न पडलं होतं. तिनं डबे आधी मागच्या खोलीत नेले. हिलालनं कारखान्यात रजा टाकली. पहिल्यांदा बापाची चौकट काढली, खालीवर कोंड्याची पोती घालून. मग पत्रे, मग वासे, मग एकेक वीट. विटांचा चुना खरवडून त्यानं गल्लीच्या कडेला त्यांची चवड रचली, पन्नास-पन्नासची. पुढची अख्खी खोली उतरवायला त्याला नऊ दिवस लागले. राहिला फक्त ओटा. ओट्यात होती माती आणि दगड. त्यातून वाचवण्यासारखं काय निघणार, म्हणून तो त्यानं तसाच सोडला.

दहाव्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेक माहेरी येते. योगिता चलथाणहून आली, हातात पुरणपोळीसाठी आणलेला गूळ, आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबली. समोर ओटा होता, ओट्यामागे मोकळं आभाळ, आणि आभाळाखाली तिची आई चूल मांडून बसली होती.

"आबा, हाई काय व्हयनं?"

"मुदत पडनी, बेटा. तीस तारीखनी."

योगिता गुजराती शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. शिवाय तिच्या दिराची जमिनीची केस चालली होती, त्यामुळे कोर्टाची भाषा चलथाणला घरात रोजची झाली होती. तिनं विचारलं, वकील नक्की काय म्हणाले. हिलालनं शब्द न् शब्द सांगितला. ती मटकन ओट्यावर बसली.

"आबा," ती म्हणाली, "कोर्टात तारखेलाच मुदत म्हणतात. गुजरातीत. मुदत पडली म्हणजे तारीख पडली. पुढची तारीख, बस."

हिलालला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं, म्हणून तिनं परत सांगितलं. ऐकू पहिल्यांदाच आलं होतं. त्यानं विटांच्या चवडीकडे पाहिलं, मागच्या भिंतीला टेकवलेल्या चौकटीकडे पाहिलं. मग तो हसला. उषाबाई म्हणते, असं हसणं तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची तिची इच्छा नाही.

अमळनेरहून परतल्यावर शालिग्रामनं हिलालला भर गल्लीत झापलं. "आठ साल मी तारखा लयनू, आन् तू एक डाव गया तं घर पाडी ऊना!" लोक हसले. हसण्यासारखं होतंच. हिलाल मान खाली घालून म्हणाला, चुकलं. आता तीस तारखेनंतर परत बांधतो.

तीस तारखेला शालिग्राम त्याला घेऊन वकिलांकडे गेला. चेवली वकिलांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि कपाळाला हात लावला. कोर्टाचा हुकूम 'जैसे थे' आहे, ते म्हणाले. स्टे चालू असताना एक वीट जरी नवी बसवली, तरी समोरचा वकील फोटो काढून कोर्टाला दाखवील की बघा, हे लोक स्टेच्या आडून नवं बांधकाम करतात. मग नऊच्या नऊ घरांचा स्टे उठेल. तेव्हा काकांनी हात लावायचा नाही.

"कितला दिन?" हिलालनं विचारलं.

"केस पते त्यां सुधी," वकील म्हणाले. केस संपेपर्यंत. आणि त्या दिवशीही मुदत पडली, उन्हाळी सुट्टीनंतरची, जुलैअखेरची.

शालिग्राम बाहेर आला तो सवयीनं गूळखोबऱ्याचं बोलला आणि मधेच गप्प झाला.

अर्ध्या घरात राहायचं म्हणजे काय, ते तीन महिन्यांत हिलालला कळलं. मागच्या दहा बाय दहात सगळा संसार कोंबलेला. पुढे बांबूंवर निळं प्लास्टिक. पाऊस सुरू झाला तसं मागच्या गल्लीच्या चरातलं पाणी वाट काढत पुढे आलं. आजवर पुढच्या खोलीच्या भिंती ते अडवत होत्या आणि मागे ढकलत होत्या. आता भिंती नव्हत्या. उषाबाई पहाटे उठून खराट्यानं ते पाणी लोटायची, तासाभरानं ते परत यायचं. ती लोटायची आणि बडबडायची. नंतर बडबडायचंही बंद झालं.

याच चराच्या काठावर मागच्या गल्लीतलं पहिलं घर मंगलाबाईचं होतं. मंगलाबाई आणि उषाबाई एकाच सालात सुरतेला आलेल्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. मंगलाबाईचा नवरा राघो हिलालच्याच कारखान्यात, शेजारच्या लूमवर. दोन वर्षांपूर्वी भादव्यात राघोला कावीळ झाली. नळाच्या पाण्यात चराचं पाणी मिसळतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या गल्लीत तेव्हा सोळा जणांना झाली. पंधरा उठले, राघो उठला नाही. तेराव्याला हिलाल गेला होता. मंगलाबाई त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली होती, "भाऊ, तुमनी तारीख पडनी ना त्या दिन?" राघो गेला त्या दिवशी खरंच तारीख पडली होती. पोरांनी गूळखोबरं वाटलं होतं. त्यानंतर ती पुढच्या गल्लीतल्या कोणाशी बोलली नाही.

हिलालला तेव्हा रागच आला होता. आमची घरं वाचवायची नाहीत का आम्ही? गटार पालिकेनं दुसरीकडून न्यावं, आम्हीच का मरायचं? दोन वर्षं तो मनातल्या मनात मंगलाबाईशी भांडत होता आणि दर वेळी जिंकत होता. आता पहाटे बायको ते काळं पाणी लोटताना दिसायची आणि भांडणात त्याला उत्तरं सुचेनाशी झाली. ही बाई आठ वर्षं हेच करत होती. फरक एवढाच की तिनं कोणत्या कोर्टात अर्ज केला नव्हता, म्हणून तिला कोणी तारीखही सांगत नव्हतं.

जुलैत योगिता आली तेव्हा त्यानं शालिग्रामच्या ट्रंकेतलं केसचं बाड मागून आणलं. "वाच," म्हणाला. "दर तारीख कोनी मांगी ते वाच."

ती दुपारभर वाचत बसली. एक्केचाळीस तारखा. वकील आजारी, वकील बाहेरगावी, साहेबांची बदली, संप, सुट्टी. पालिकेचा नकाशा आणलेला नाही, पालिकेला उत्तर द्यायला वेळ हवा. असं सगळं होतं. पण सगळ्यात जास्त वेळा, एक्केचाळीसपैकी तेवीस वेळा, एकच ओळ होती: अर्जदारांच्या वकिलांनी मुदत मागितली.

"म्हणजे आपणच," हिलाल म्हणाला.

"हा, आबा."

त्यानं बाड बांधून परत दिलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. कोर्ट उशीर करतं, कोर्टात म्हातारं व्हायचं, असं लोक म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण हा उशीर आपण गूळ वाटून घेतला होता, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

जुलैअखेरच्या तारखेला तो योगिताला बरोबर घेऊन गेला. शालिग्राम होताच, इतर सातही जण होते. हिलालनं काही वेडंवाकडं करू नये म्हणून आले असावेत. पुकारा झाला. पालिकेचे वकील उभे राहिले: नकाशाची प्रत अजून आली नाही, साहेब, मुदत मिळावी. चेवली वकील उठले आणि म्हणाले, हरकत नाही. दोघांचं कधी नव्हे ते एकमत होतं, आणि आठ वर्षं असंच होतं. न्यायाधीश नवे होते, तरुण, समोर फायलींचा ढीग. त्यांनी पेन उचललं.

हिलाल उठून उभा राहिला. रात्रभर पाठ केलेलं गुजराती वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं, कानानं जड माणूस म्हणतो तितक्या मोठ्यानं. "साहेब, तमारी मुदत नथी जोईती. अमारी मुदत आपो!"

तुमची मुदत नको, आमची मुदत द्या. सगळं कोर्ट हसलं. चेवली वकिलांनी त्याचा सदरा ओढला. न्यायाधीशांना वाटलं, म्हातारा भांबावलाय. त्यांनी विचारलं, तुमची मुदत म्हणजे काय?

योगिता उठली. गुजरातीतच बोलली, शाळेत उत्तर द्यावं तशी हात मागे बांधून. साहेब, तुमच्याकडे मुदत म्हणजे पुढची तारीख. आमच्या मराठीत मुदत म्हणजे ज्या दिवशी संपायचं तो दिवस. त्याच्यापुढे काही नाही. माझ्या वडिलांनी तुमची मुदत ऐकली आणि आमची समजली, आणि आमचं घर पाडून टाकलं. आता स्टेमुळे बांधता येत नाही. आणि आमच्या मागे तीनशे घरं आहेत, त्यांना आठ वर्षं गटार नाही.

कोर्टातलं हसू थांबलं. न्यायाधीशांनी फाईल आपल्याकडे ओढली आणि पहिल्या पानापासून चाळायला लागले. बाहेर पुढच्या केसची माणसं खोकत होती, पण त्यांनी वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, या नऊ घरांची किती जागा रस्त्यात जाते?

पालिकेचे वकील म्हणाले, स्टे असल्यानं आमच्या माणसांना आत जाऊन मोजता आलं नाही. चेवली वकील म्हणाले, अर्जदारांना ते मान्यच नसल्यानं मोजायचा प्रश्न आला नाही.

"म्हणजे आठ वर्षांत कोणी मोजलंच नाही?" न्यायाधीश म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं सांगितलं: तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंच्या समोर मोजणी, त्याचा अहवाल, आणि त्यानंतर लगेच निकाल. दोन्ही वकिलांना यापुढे तारीख मिळणार नाही. मग हिलालकडे बघून म्हणाले, "काका, आ तमारी मुदत."

कोर्टाच्या पायऱ्यांवर शालिग्रामनं हिलालची गचांडी धरली. तुझं पडलं म्हणून आमचंही पाडतोस का, म्हणाला. इतर सात जणांनी त्याला सोडवलं खरं, पण त्यांच्यातलं कोणी हिलालशी बोललं नाही. गल्लीत येईस्तोवर बातमी पसरली होती. त्या तीन आठवड्यांत हिलालच्या दारातून जाताना लोक मान फिरवायचे. उषाबाईला नळावर कोणी पुढे घेईना. हिलाल रोज लूमवर जायचा, यायचा, प्लास्टिकखाली बसायचा. आपण नऊ घरांचा घात केला, हे तोही मनातून मानत होता. लाल फराटा भिंतीवर होता. मोजणी झाली की भिंती जाणार. तरी पुन्हा संधी मिळाली असती तर पुन्हा हेच बोललो असतो, असंही त्याला वाटायचं, आणि त्या वाटण्याचीच त्याला भीती वाटायची.

मोजणीच्या दिवशी ऊन पडलं होतं. पालिकेचा मोजणीदार नकाशाची गुंडाळी, लोखंडी फीत आणि खडूची पिशवी घेऊन आला. दोन्ही वकिलांचे कारकून आले. नऊ घरांतली माणसं आपापल्या ओट्यावर उभी, आणि मागच्या गल्लीतली माणसं चराच्या काठानं. मंगलाबाईही आली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून. मोजणीदारानं रस्त्याच्या पलीकडचा सरकारी दगड शोधला. गवतात होता तो, आठ वर्षं तिथेच होता. फितीचं एक टोक त्यानं दगडावर धरलं आणि दुसरं टोक धरायला कोणी तरी पुढे या म्हणाला. कोणी हललं नाही, म्हणून हिलाल गेला.

फीत ताणत तो मागे मागे आला. रस्ता ओलांडला, आपल्या ओट्यावर चढला, मोडलेल्या खोलीच्या जमिनीवरून पुढे निघाला.

"अरे काका, क्यां जाओ छो? बस बस, पाछा आवो!" मोजणीदार ओरडला. कुठे चाललात, मागे या.

हिलाल मागे आला, ओट्याच्या मध्यावर. "हजु," मोजणीदार म्हणाला. हिलाल आणखी सरकला. "बस."

मोजणीदारानं येऊन खडूनं ओट्यावर रेघ मारली. मग ओट्याच्या कडेपासून रेघेपर्यंत फीत लावून आकडा सांगितला. चार फूट दोन इंच. पुढच्या घराला चार फूट. शालिग्रामला तीन फूट अकरा. नऊच्या नऊ घरांचं असंच. एकाही भिंतीला रेघ शिवली नाही. अठ्ठ्याऐंशी सालचा तो लाल फराटा भिंत पाडायचा नव्हताच. घरांवर नंबर टाकायची खूण होती ती, मोजणीदार म्हणाला. मोजायला याल तेव्हा ही नऊ घरं मोजा, एवढ्यापुरती.

शालिग्राम मोठ्यानं हसला. बाकीचे हसले. कोणी तरी हिलालच्या पाठीवर थाप मारली. मग शालिग्राम आपल्या ओट्यावर बसला आणि हसता हसताच त्यानं तोंडावर उपरणं धरलं.

हिलाल आपल्या ओट्यावर फितीचं टोक धरून उभा होता. पालिकेला फक्त ओटा हवा होता, तोही निम्मा. त्यानं पत्रे उतरवले होते, वासे उतरवले होते, बापाची चौकट काढली होती, सगळं उतरवलं होतं. जे द्यायचं होतं तेवढंच त्यानं जागेवर ठेवलं होतं.

गर्दीतून मंगलाबाई पुढे आली. ओट्यापाशी वाकली आणि खडूच्या रेघेपासून कडेपर्यंत हाताची वीत टाकत मोजून पाहिलं, जणू फितीवर तिचा विश्वास नव्हता. सहा विती, वर थोडं. मग तिनं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती हिलालशी बोलली.

"इतलंच व्हतं, भाऊ?"

"हा, वहिनी," हिलाल म्हणाला. "इतलंच व्हतं."

"मंग आगोदर काबरं नही मोजं?"

हिलालला उत्तर ठाऊक होतं आणि या वेळी त्यानं ते लपवलं नाही. "भ्याव वाटे. मोजं तं जाई, आसं वाटे."

मोजलं तर जाईल, अशी भीती वाटायची. मंगलाबाईनं मान हलवली. रागानं नाही, समजल्यासारखीही नाही. ती वळून चराच्या काठानं आपल्या घरी गेली. तिच्यामागोमाग मागची गल्ली हळूहळू पांगली.

दोन्हीकडचे कारकून सह्या करत होते. निकाल पुढच्या आठवड्यात येईल, मग नोटीस निघेल, मग ओटे काढायला पालिका महिनाभर देईल, असं ते शालिग्रामला समजावत होते. शालिग्राम मान डोलावत होता. योगिता आईच्या मदतीला विटांच्या चवडी मोकळ्या करायला लागली. आता भिंत बांधता येणार होती. मागून धप्प असा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. हिलालनं सदरा काढून ठेवला होता आणि पहार घेऊन तो खडूच्या रेघेपासून रस्त्याकडचा ओटा फोडत होता.

"आबा, थांबा ना," ती म्हणाली. "हुकूम यायचाय अजून. मुदत आहे आपल्याला."

हिलालनं पहार उचलली, घाम पुसला.

"राघोले कोनी दिधी व्हती मुदत?" तो म्हणाला, आणि पुढचा दगड उपटायला वाकला.